मंडळीची भाषा : ‘मी’, ‘आम्ही’ आणि ‘आपण’

‘आम्ही’मध्ये ऐकणारा येत नाही, ‘आपण’मध्ये येतो, हे तुम्हांला परिचित आहे. संस्कृतात किंवा हिंदीत नसलेला हा भेद धर्मभाषेत किती दूरवर पोहोचतो, ते मराठी ख्रिस्ती उपासनेच्या आधारे पाहू.

येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेत प्रार्थना करणारे स्वतःचा उल्लेख सर्वत्र अनेकवचनातच करतात. ती एकट्याने म्हटली, तरी तीत ‘माझा’ येत नाही. मूळ ग्रीकमध्ये ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांसाठी एकच सर्वनाम आहे; मराठी भाषांतरकाराला मात्र निवड करावीच लागते. ‘आपल्या अपराधांची क्षमा कर’ असे म्हणून पाहा. देवही अपराध्यांच्या रांगेत येऊन बसतो! म्हणून देवाकडे तोंड करून ‘आम्ही’ म्हणायचे. पाळक लोकांकडे वळला, की तोच म्हणतो, ‘आपण प्रार्थना करू या.’

विश्वासांगीकाराची गोष्ट थोडी निराळी आहे. इ. स. ३२५च्या निकिया परिषदेचा मतांगीकार अनेकवचनाने सुरू होतो, तर ‘प्रेषितांचा विश्वासांगीकार’ एकवचनाने. मराठीत सगळे मिळून एकवचनी वाक्य म्हणू लागले, की पुरुष ‘ठेवतो’ म्हणतात आणि स्त्रिया ‘ठेवते’. एका वाक्याचे दोन आवाज होतात. ‘आम्ही ठेवतो’ म्हणताच ते पुन्हा जुळतात. तरीही एकवचन अनाठायी नाही. विश्वास ज्याचा त्यानेच कबूल करायचा असतो.

सर्वनामाची खरी कसोटी समाजात लागते. एकोणिसाव्या शतकातील गावगाड्यात ‘आम्ही’ म्हणजे बहुधा आमची जात. अहमदनगर परिसरातील मंडळ्यांत अनेक कुटुंबे महार-मांग समाजांतून आलेली होती. १८९५मध्ये बाप्तिस्मा घेणारे नारायण वामन टिळक चित्पावन ब्राह्मण होते. या सर्वांनी शेजारी बसून एकच ‘आम्ही’ उच्चारायचे होते. ते सोपे नव्हते. सोवळ्या-ओवळ्याचे संस्कार कसे गळून पडले, हे लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये सांगितले आहे, पतीमागून त्यांचा बाप्तिस्मा झाला तो १९००मध्ये, पाच वर्षांनी.

टिळकांनी उपासनेत अभंग आणि कीर्तन आणले, त्याचे महत्त्व येथे ध्यानात येईल. अभंगातील ‘मी’ कवीचा असतो. पण ध्रुवपद सर्वांनी उचलले, की तो गाणाऱ्या प्रत्येकाचा होतो. वाचता न येणाऱ्यालाही त्यात वाटा मिळतो. परकीय चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांपेक्षा हे रूप लोकांच्या जिभेवर सहज बसले, असे मला वाटते. कीर्तनकार श्रोत्यांना ‘मंडळी’ म्हणतो. ख्रिस्ती मराठीतही ‘मंडळी’ म्हणजे जमलेली माणसे, इमारत नव्हे.

स्वाध्याय म्हणून तुमच्या परिसरातील कोणतीही एक सामूहिक प्रार्थना ऐका. तीत ‘मी’, ‘आम्ही’ आणि ‘आपण’ कोठे येतात, ते नोंदवा. आणि त्या ‘आम्ही’मध्ये प्रत्यक्षात कोण कोण बसलेले आहे, तेही.