शिळं पेट्रोल

मित्राच्या वडिलांची प्रीमियर पद्मिनी चार पावसाळे अंगणात उभी होती. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची. टाकीचं झाकण उघडलं, तर पेट्रोलचा तो नाकात झोंबणारा वास नव्हताच. जुन्या व्हार्निशच्या डब्यासारखा आंबूस दर्प आला. पेट्रोल शिळं झालं होतं.

मला नवल वाटतं ते वेगळंच. ज्या खनिज तेलातून पेट्रोल निघतं, ते कोट्यवधी वर्षं जमिनीखाली टिकतं आणि आमच्या टाकीत चार वर्षांत नासतं! खाली त्याला हवा लागत नाही. शिवाय रिफायनरीत जड रेणू फोडताना दुहेरी बंधांचे काही रेणू तयार होतात, कच्च्या तेलात ते जवळपास नसतातच. हे फार उतावळे. ऑक्सिजन भेटला की त्याला चिकटतात, मग एकमेकांना, आणि होतो डिंक. कार्बोरेटरच्या जेटचं भोक जेमतेम सुई जाईल एवढं. ते बुजायला कितीसा डिंक लागतो? त्यातच पेट्रोलमधला हलका, चटकन पेटणारा भाग आधीच उडून गेलेला असतो.

मेकॅनिककाका आले. त्यांनी झाकण घट्ट लावायला सांगितलं, वास जाऊ दिला आणि मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली. गाडी ढकलून घरापासून लांब, मोकळ्या जागी घेतली. कारण पेट्रोल द्रवरूपात जळतच नाही, जळते त्याची वाफ. आणि ती उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेण्याइतकी निघते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती वर जात नाही, पाण्यासारखी उताराने वाहते, गॅरेजच्या खड्ड्यात साचते. दहा पावलांवर कोणी काडी ओढली तरी पुरे.

टाकीतलं पेट्रोल ओढून काढण्यासाठी मित्र नळी तोंडात धरायला निघाला, तेव्हा काकांनी ती हिसकावूनच घेतली. पेट्रोल इतकं पातळ, की घोटभर श्वासनलिकेत गेलं तरी फुफ्फुसभर पसरतं. गिळलं गेलं तर उलटीही करवायची नाही, ती करताना तेच होतं. हाताने दाबायचा रबरी पंप चार-पाचदा दाबला, धार सुरू झाली. पुढचं काम उताराचं. पत्र्याचा कॅन जमिनीवर टेकवलेला, नळीचं टोक त्याच्या तळाला. वाहत्या पेट्रोलात स्थिर वीज साठते, उंचावरून सोडलं तर जास्तच.

थोडं काचेच्या बरणीत घेतलं. वर चहाच्या रंगाचं पेट्रोल, खाली बोटभर गढूळ थर. पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतली ओल ओढतं, पाणी जास्त झालं की त्याच्यासकट वेगळं होऊन तळाशी बसतं. टाकीतली नळी नेमकी तळातूनच ओढते.

भरलेला कॅन धोकादायक कचरा घेणाऱ्या अधिकृत ठिकाणी द्यायचा ठरला, गटारात नाही. टाकीला बारीक छिद्र दिसलं. “रिकामीच आहे, आत्ताच वेल्डिंग मारून घेऊ,” मित्र म्हणाला. काका ताडकन उठले. काठोकाठ भरलेल्या टाकीत आत हवेला जागाच नसते. रिकामीत मात्र वाफ आणि हवा यांचं मिश्रण असतं. हवेत दीड ते साडेसात टक्के वाफ, एवढंच स्फोटाला लागतं, आणि ते प्रमाण जमायला तळाचे चार थेंब पुरतात.

टाकी खाली उतरवून त्यांनी आधी पाणी मागवलं.