खाणीमागें उरणारें तळें

पावसाळ्यांत नदीचें गढूळ पाणी घागरींत भरून रात्रभर स्थिर ठेवलें, म्हणजे सकाळीं गाळ तळाशीं बसतो व वर निवळ पाणी राहतें, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ॲपलेशियन डोंगराळ मुलुखांत, वेस्ट व्हर्जिनिया, केंटकी इत्यादि राज्यांत, कोळशाच्या उघड्या खाणींच्या पायथ्याशीं हाच नियम मोठ्या प्रमाणावर उपयोगांत आणलेला दिसतो.

कोळसा काढावयाचा म्हणजे वरचीं झाडें व माती आधीं दूर करावी लागते. अशा उघड्या जमिनीवरून पावसाचें पाणी माती घेऊन धांवतें आणि खालचे ओढे गाळानें भरून टाकतें. म्हणून वाटेंत बांध घालून तळें करतात. तेथें पाण्याचा वेग मंदावतो. प्रथम वाळू बसते, मग बारीक माती. चिकणमातीचे सूक्ष्म कण मात्र फार सावकाश बसतात. निवळलेलें पाणी सांडव्यावाटे ओढ्यास मिळतें व साचलेला गाळ वेळोवेळीं उपसला जातो.

३ ऑगस्ट १९७७ रोजीं राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सहीनें तेथें उघड्या खाणींसंबंधींचा कायदा झाला. त्याअन्वयें खाणवाल्यानें जमीन सावरून तिच्यावर पुन्हां वनस्पति वाढवावी लागते. अखेरच्या पेरणीनंतर निदान २ वर्षें तरी हें तळें मोडतां येत नाहीं. त्यानंतर प्रश्न उभा राहतो : तें बुजवावें कीं कायम ठेवावें?

ठेवण्याच्या बाजूनें पुष्कळ सांगण्यासारखें आहे. त्या डोंगरांत नैसर्गिक तळीं विरळ. गुरांना पाणी मिळतें, बेडूक व रानबदकें वस्तीस येतात, आग लागल्यास पाणी जवळ असतें. परंतु सर्वच तळीं या योग्यतेचीं नसतात. खडकांतील गंधकयुक्त लोहखनिजास हवा व पाणी लागलें कीं आम्ल उत्पन्न होतें; असें पाणी जीवांस घातक ठरतें. म्हणून पाणी चांगलें असावें, त्याची पातळी बरीचशी स्थिर राहावी, बांध भक्कम असावा आणि शेजाऱ्यांच्या पाण्यास बाध येऊं नये, अशा अटी कायद्यानें घातल्या आहेत.

बांधाची अट केवळ कागदी नव्हे. २६ फेब्रुवारी १९७२ रोजीं वेस्ट व्हर्जिनियांतील बफेलो क्रीक येथें कोळशाच्या टाकाऊ मालाचा बांध फुटला. १२५ माणसें मेलीं आणि सुमारें ४,००० लोक बेघर झाले. तो बांध गाळतळ्याचा नव्हता, व गाळतळीं त्या मानानें लहान असतात. तथापि अडविलेल्या पाण्याचा स्वभाव एकच. मोठ्या झाडांचीं मुळें बांधांत शिरतात, उंदरांसारखे प्राणी बिळें करतात, पालापाचोळ्यानें सांडवा तुंबतो. खाण चालू असतां हें पाहावयास माणसें असतात. ती संपल्यावर कोण पाहणार?

कायद्यानें या प्रश्नास उत्तर मागितलें आहे. तळें कायम ठेवावयाचें असेल, तर पुढील देखभाल खाणवाला करील कीं जमिनीचा मालक, याची पक्की व्यवस्था सरकारी अधिकाऱ्यांपाशीं झाल्यावरच हिरवळीच्या टप्प्यावरील तारण-रक्कम सोडतां येते. ही व्यवस्था खरोखर पाळली गेली, तरच तें तळें त्या खोऱ्यास लाभलेलें धन होय. ज्या तळ्यास धनी नाहीं, तें वेळींच बुजविलेलें बरें. कारण त्याच्या खालच्या अंगास माणसांचीं घरें असतात.