वाढदिवस त्यांच्या घरी, लेकरू आपलं

मागच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर गटातल्या एका ताईंनी विषय काढला. मुलाला वर्गातल्या मित्राच्या वाढदिवसाचं बोलावणं होतं. घर मळ्यात आणि घरामागंच शेततळं, कुंपण नाही. "पाठवावं तर जीवाला घोर, आणि बोलावं तर वहिनी म्हणतील, आम्ही काय पोरं बुडवायला बोलावली का?"

2016 साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि वस्त्यांवर तळी वाढली. विहिरीची भीती पोरांना असते, तळ्याची वाटत नाही. पण आतला प्लास्टिकचा कागद ओला झाला, शेवाळलं, की मोठ्या माणसाचाही पाय ठरत नाही. काठ हाताशी असून वर येता येत नाही. शिवाय बुडणारं मूल बहुधा ओरडत नाही, तोंड पाण्याखाली गेल्यावर आवाज कुठून निघणार? त्यात घरात गाणी लागलेली.

म्हणून बोलायचंच, असं ठरलं. कसं, यावरच जास्त वेळ गेला. ताई आदल्या दिवशी एकट्याच गेल्या. म्हणाल्या, "वहिनी, उद्या तुमच्यामागं स्वयंपाकाचा व्याप. आमचं पोरगं भारी द्वाड, पाणी दिसलं की थांबत नाही. आम्ही दोघी लवकर येऊन तळ्याच्या अंगाला बसू का? खेळ पुढच्या अंगणात घेऊ." गाऱ्हाणं स्वतःच्या पोराचं, मदत त्यांना. वहिनी म्हणाल्या, "बरं झालं बाई. मलाही तीच धास्ती, पण घरात बोललं की हसतात." संध्याकाळी त्यांच्या मालकांनी वाटेवर बाभळीच्या फांद्या टाकल्या, खुंटीला दोर बांधून हवा भरलेली ट्यूब काठावर ठेवली.

हेच सासूबाईंसमोर किंवा भरल्या पंगतीत बोलल्या असत्या तर? मोबाइलच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नये.

मात्र धोका समोर असेल तेव्हा रीतभात बाजूला ठेवा. केकवर मेणबत्ती पेटलेली आणि कुणी फेसाचा स्प्रे उडवतंय, तर "थांबा, आधी मेणबत्ती विझवू" असं मोठ्यानं म्हणा. पुष्कळ स्प्रेत पेट घेणारा वायू असतो. गॅसचे फुगेही ज्योतीपासून लांबच बरे.

आणि ऐकलंच नाही तर? एक काकू म्हणाल्या, गावात नाराजी वर्षभर टिकते, गप्प बसावं. आम्हाला ते पटलं नाही. लेकरासोबत आपण जावं, केक झाला की घेऊन यावं.

पुढच्या आठवड्यात आमच्यातल्याच एकीच्या लेकीचा वाढदिवस आहे. ती म्हणाली, "माझ्याकडं काय चुकतंय ते आधीच येऊन बघा." दोघी जाऊन आलो. फवारणीच्या औषधाची बाटली खाटेखाली होती.