बरणी, पुडी आणि उरलेले औषध

आपल्याकडे बसावयास येणारा विद्यार्थी आपल्यापासून काहीतरी शिकून जातो, असा आम्हा वैद्यांचा समज असतो. तो पुष्कळदा खराही असतो. परंतु दोन वर्षांपूर्वी आंतरवासितेच्या काळात सायंकाळी आमच्या चिकित्सालयात येणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या बाबतीत हा हिशेब थोडा उलटा झाला. वैद्यबंधुभगिनींच्या आणि औषधविक्रेत्यांच्याही कामी येईल असे त्यात काही आहे, असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

ती प्रथम आली तेव्हा आजकालच्या इतर मुलांसारखीच होती. रोज पाण्याची नवी बंद बाटली, वसतिगृहात मागविलेल्या जेवणाचे रिकामे डबे, प्रत्येक विषयाची कोरी वही. आहारविधी तिला तोंडपाठ होता. खाल्ल्यावर मागे काय उरते, हा प्रश्न अभ्यासक्रमात नसल्याने तिला पडलेला नव्हता. खरे सांगायचे तर आम्हालाही नव्हता. तो विचारला एका रुग्ण बाईंनी. चूर्ण घेण्यास आल्या असता त्यांनी पिशवीतून आमच्याच सात-आठ रिकाम्या प्लास्टिकच्या बरण्या काढून मेजावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "टाकवत नाहीत हो. तुम्हीच काय ते करा." विद्यार्थिनीने आमच्याकडे पाहिले. आम्ही कंपाउंडरकडे पाहिले. बरण्या मागच्या खोलीत गेल्या.

महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली ती २०१८ साली. त्या अधिसूचनेतून औषधांच्या वेष्टनाला सूट मिळाली आणि आपण व्यावसायिक निश्चिंत झालो. कायद्याने सूट दिली म्हणजे प्रश्न सुटला, असे आपल्यापैकी अनेकांनी धरले असावे. आम्ही तरी धरले होते.

विद्यार्थिनीने सुरुवात स्वतःपासून केली, हे तिचे आम्हाला विशेष वाटले. बंद बाटली गेली, पाण्यासाठी घरचा तांब्या आला. जुन्या वह्यांतील कोरी पाने फाडून, दोऱ्याने शिवून तिने टिपणवही केली. सुट्टीत गावी गेली ती आजीच्या जुन्या लुगड्यांच्या वीसेक लहान पिशव्या शिवून घेऊन आली. काढ्याची भरड घेऊन जाणाऱ्या रुग्णांना त्या द्यायच्या आणि पुढच्या खेपेस परत आणावयास सांगायचे, असा तिचा बेत. आम्ही कौतुक केले तेव्हा म्हणाली, "सर, आजी लुगड्याची वाकळ शिवायची तेव्हा त्याला कुणी वेगळं नाव दिलं नव्हतं."

उत्साहाच्या भरात पुढे जे घडले त्याचा दोष तिच्यापेक्षा आमचा अधिक. ऐन श्रावणात तिने मागच्या खोलीतील बरण्या धुतल्या, पुसल्या आणि त्यांत अविपत्तिकर चूर्ण भरले. भरताना आम्ही समोर होतो. ज्या चूर्णात साखरेचे प्रमाण एवढे, ते हवेतील ओलावादेखील ओढून घेते. पावसाळ्यात नुसत्या पुसलेल्या बरणीत ते टिकणार नाही, हे पंचविशीतल्या मुलीला ठाऊक नसले तर क्षम्य आहे. आम्हाला ठाऊक होते. लक्ष नव्हते, एवढेच. आठ दिवसांत पहिली बरणी परत आली. आत चूर्णाचा खडा झाला होता आणि झाकणाच्या कडेला बुरशी धरली होती. अम्लपित्ताचे ते रुग्ण गृहस्थ सज्जन. "औषध आहे की गूळ?" एवढेच म्हणाले. त्यांनी ते घेतले नव्हते, हे नशीब. उरलेल्या सर्व बरण्यांसाठी त्या रात्री घरोघरी दूरध्वनी केले, चूर्ण परत मागविले, नष्ट केले. वाया जाऊ नये म्हणून केलेल्या खटाटोपात पुष्कळच वाया गेले.

ती दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली तेव्हा आम्ही दोघांनी बसून काय पुन्हा वापरावे आणि काय नाही, याचा नीट विचार केला. आपल्या शास्त्राला हा विचार नवा नाही. जलौकावचरणाचेच पाहावे. दूषित रक्त प्यायलेल्या जळवेला वमन करवून शुद्ध करावे आणि सात दिवस पुन्हा लावू नये, असे वाग्भटांनी सांगितले आहे. म्हणजे पुनर्वापर आहे, पण शुद्धी आणि विश्रांती यांनंतरच. आज संसर्गाची भीती ध्यानात घेऊन आपण त्याला एक मर्यादा आणखी घालतो: ज्या रुग्णाची जळू त्यालाच, तिचे भांडे वेगळे, वर चिठ्ठी. हाच न्याय आम्ही इतरत्र लावला. पिंडस्वेदाच्या पोटलीचे कापड त्याच रुग्णासाठी उकळून, कडक वाळवून. शिरोधारेचे तैल एका रुग्णाचे दुसऱ्यास कदापि नाही. बस्तीच्या नळ्या, हातमोजे, सुया यांच्या बाबतीत काटकसरीचा विचारदेखील मनात आणू नये. २०१६ चे जैववैद्यकीय कचरा नियम आयुष रुग्णालयांना व दवाखान्यांनाही लागू आहेत, हे आपल्यातील काहींच्या अजून गावी नाही.

बरण्यांविषयी ठरले ते असे. प्लास्टिकची बरणी औषधासाठी पुन्हा वापरायची नाही. तिला लागलेला हिंग्वाष्टकाचा वास कितीही धुतली तरी जात नाही, याचा अनुभव सर्वांना असेल. काचेची बरणी मात्र घ्यायची. ती ज्याची त्यालाच, त्याच औषधासाठी. उकळत्या पाण्याने धुऊन, उन्हात उलटी घालून, पावसाळ्यात वाळवणी यंत्रात ठेवून. रुग्ण तेलासाठी घरून फिनेलची वा मद्याची धुतलेली बाटली आणतात, तिला स्पष्ट नकार. पुड्यांसाठी वर्तमानपत्राची रद्दी वापरावी, ही विद्यार्थिनीची सूचनाही आम्ही मोडून काढली. छपाईच्या शाईतील द्रव्ये अन्नात उतरतात म्हणून खाद्यपदार्थ अशा कागदात बांधण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मनाई केली आहे. मग औषधाला सवलत कोणत्या तोंडाने मागावी? पुडीला कोराच कागद.

एवढ्यावर हा विषय संपला असता. परंतु बरण्या परत येऊ लागल्या त्या रिकाम्या येईनात. विद्यार्थिनीने रुग्णांना सांगितले होते, घरात असेल ते सर्व घेऊन या. त्यांनी शब्दशः आणले. संधिवाताच्या एका आजोबांच्या पिशवीतून योगराज गुग्गुळाच्या तीन बाटल्या निघाल्या, तिन्ही अर्ध्या, आणि तिन्हींच्या चिठ्ठ्यांवर आमचेच अक्षर. कुणाची चारापैकी दोन औषधे उघडलेलीच नव्हती. एका बाईंनी सांगितले, "सकाळी सात, दुपारी तीन, रात्री चार औषधं. घरकाम कधी करू? मला जे लागू पडतं असं वाटलं तेवढं घेते." विद्यार्थिनी तिच्या शिवलेल्या वहीत हे सारे टिपत होती. तिने आम्हाला काही विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते.

गुग्गुळाचे झुडूप राजस्थान-गुजरातच्या कोरड्या प्रदेशातले. अधिक चीक मिळावा म्हणून खोडाला खोल चिरा दिल्या की ते वाळते. आज ही वनस्पती आंतरराष्ट्रीय लाल यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे. बृहत्पंचमुळांतील पाचही तर वृक्षच, आणि मूळ खणले की वृक्ष गेला. कच्चा माल महागला, भेसळ वाढली, अशी तक्रार आपण प्रत्येक अधिवेशनात करतो, आणि तोच माल आमच्या रुग्णांच्या फडताळात अर्धवट पडून राहतो. प्लास्टिकची बरणी ही त्यामानाने लहान गोष्ट होती.

उघडलेले औषध दुसऱ्यास देता येत नाही. तेव्हा परत आलेली साधी चूर्णे आणि काढ्याचा चोथा परसातील खतखड्ड्यात गेला. रसकल्प मातीत जाऊ नयेत म्हणून वेगळे काढून पिवळ्या पिशवीतून कचरा नेणाऱ्यांच्या स्वाधीन केले. त्यानंतर आम्ही एक बदल केला. नवी चिठ्ठी लिहिण्यापूर्वी घरात काय शिल्लक आहे ते विचारायचे, आणि पहिल्या भेटीत सात दिवसांपेक्षा अधिक द्यायचे नाही. नियमांनी चूर्णाला २ वर्षांची मुदत दिली आहे. शार्ङ्गधरांनी २ महिन्यांत त्याचे वीर्य उणे होते असे म्हटले. बंद वेष्टनाच्या सोयीमुळे पहिला आकडा खरा असेलही, पण रुग्णाच्या ओल्या चमच्याखाली दुसराच लागू होतो. आसव-अरिष्टांची गोष्ट वेगळी, ती जुनी झालेलीच बरी.

आमच्या शेजारचे औषधविक्रेते काही दिवसांनी येऊन बसले. चहा झाल्यावर म्हणाले, "वैद्यराज, तुमची चिठ्ठी आखूड झाली." आम्ही हो म्हटले. "आमचा गल्लाही." यावर आमच्याकडे तयार उत्तर नव्हते. त्यांचे दुकान आमच्या चिठ्ठ्यांवर उभे आहे, हे विसरून त्यागाच्या गोष्टी करणे सोपे आहे. शेवटी त्यांनीच मार्ग काढला. पुरवठादारांकडे १०० ग्रॅमऐवजी ५० ग्रॅमच्या वेष्टनांची मागणी नोंदविली. काहींनी मानली, काहींनी नाही. मुदत संपून परत करावा लागणारा माल घटला, हे त्यांनी वर्षाखेरीस स्वतःहून सांगितले. विक्रीची तूट पूर्ण भरून निघाली, असे मात्र ते म्हणाले नाहीत, आणि आम्हीही विचारले नाही.

विद्यार्थिनीने गेल्या महिन्यात तिच्या तालुक्याच्या गावी स्वतःचे चिकित्सालय उघडले. आम्ही गेलो होतो. फडताळात काचेच्या लहान बरण्या ओळीने उलट्या घातलेल्या. दारात लोक बोलावीत असतानाही तिने त्यांतली एक उचलली, आत बोट फिरवून पाहिले आणि पुन्हा उलटी ठेवली.