चाकांवरचे घर, हिमवादळ आणि उघडा झरोका

अमेरिकेच्या उत्तर सीमेलगत नॉर्थ डकोटा राज्यात विलिस्टन नावाचे एक गाव आहे. २००८ नंतरच्या काही वर्षांत तिथल्या बाकेन खडकथरांतून तेल काढण्याचे काम झपाट्याने वाढले. देशभरातून कामगार आले, पण राहायला घरे नव्हती. मग कितीतरी माणसे, काही तर मुलाबाळांसह, चाकांवरच्या घरांत राहू लागली. गावाबाहेरच्या मोकळ्या जागांत, दुकानांच्या वाहनतळांवर ही घरे उभी असत. तिकडे त्यांना ‘रिक्रिएशनल व्हेईकल’, थोडक्यात आरव्ही, म्हणतात. नावाप्रमाणे ती सुटीत हिंडण्यासाठी बनवलेली असतात. परंतु निवृत्तीनंतर हौस म्हणून, किंवा घरभाडे परवडत नाही म्हणून, बारा महिने त्यांतच राहणारे लोक अमेरिकेत बरेच आहेत. त्यांतले पुष्कळजण हिवाळ्यात ॲरिझोनासारख्या उबदार राज्यात जातात. ज्याचे काम उत्तरेत आहे त्याला ती सोय नसते. विलिस्टनला जानेवारीत पारा उणे २० अंश सेल्सियसपर्यंत उतरणे नित्याचे आहे, आणि उणे ३० हेही तिथे नवल नाही.

अशा घरात हिमवादळाचे दोनतीन दिवस कसे काढायचे? प्रश्न दूरदेशीचा आहे खरा. पण एवढ्या लहान घरातील उष्णता, बाष्प आणि हवा यांचा जमाखर्च शाळेतल्या भौतिकीच्या आधारे एका पानावर मांडता येतो, आणि त्यातून निघणारे उत्तर आपल्या न्हाणीघरालाही लागू पडते. म्हणून तो आपण मांडून पाहू.

समजा, घर ८ मीटर लांब, २.४ मीटर रुंद आणि आतून २ मीटर उंच आहे. म्हणजे आतली हवा सुमारे ४० घनमीटर. भिंती, छत व जमीन मिळून क्षेत्रफळ ८० चौरस मीटर. त्यांपैकी ५ चौरस मीटर खिडक्यांचे. पत्रा, पातळ फोम आणि प्लायवूड यांच्या भिंतीतून दर चौरस मीटरला, तापमानातील दर अंश फरकाला, सुमारे १ वॉट उष्णता बाहेर जाते. एकेरी काचेतून सुमारे ६ वॉट जाते. आत २० अंश आणि बाहेर उणे २० अंश असतील, तर फरक ४० अंशांचा. भिंतींतून ३००० वॉट, खिडक्यांतून १२०० वॉट. पाच चौरस मीटर काच पंचाहत्तर चौरस मीटर भिंतीच्या दोनपंचमांश उष्णता घालवते! जाणती मंडळी हिवाळ्यापूर्वी सर्वांत आधी खिडक्यांना आतून प्लॅस्टिकचा दुसरा पडदा चिकटवतात, ते यामुळेच. मधल्या स्थिर हवेचा थर उष्णतेला अडवतो.

आता हवेचा खर्च पाहू. घरातील सगळी हवा तासातून एकदा बदलली, तर दर तासाला ४० घनमीटर हवा उणे २० पासून २० अंशांपर्यंत तापवावी लागते. हवेची घनता आणि विशिष्ट उष्णता घालून गणित केले तर उत्तर सुमारे ५५० वॉट येते. एकूण खर्च साधारण ४७५० वॉट, आणि ताज्या हवेचा त्यातला वाटा जेमतेम नववा. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण थंडी वाजू लागली की माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे सगळ्या फटी बुजवणे आणि छतावरचा झरोका घट्ट लावून घेणे.

झरोका लावला की काय होते? झोपलेला माणूस श्वास आणि त्वचेवाटे तासाला अंदाजे ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. दोन माणसे, आठ तास: ६४० ग्रॅम. २० अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावते, म्हणजे आपल्या ४० घनमीटरांत ७०० ग्रॅमच्या आतच. दोन माणसांचा एका रात्रीचा श्वास हे घर जवळजवळ भरून टाकतो. अर्थात तशी वेळ येत नाही. त्यापूर्वीच थंड काचेवर, ॲल्युमिनियमच्या चौकटींवर आणि गादीखालच्या फळीवर पाणी सुटू लागते. काचेवर तर आतून बर्फ धरतो. आठवड्याभरात गादी ओली आणि कपाटाच्या मागे बुरशी.

उपाय विद्यार्थ्यांना विचारावा. बहुतेक जण म्हणतील, बाहेर बर्फ पडतो आहे, हवा दमट आहे, झरोका उघडून काय उपयोग? इथे सापेक्ष आर्द्रता या संकल्पनेची खरी परीक्षा होते. उणे २० अंशांची हवा बाष्पाने पूर्ण संपृक्त असली तरी तिच्यात घनमीटरला सुमारे १ ग्रॅमच बाष्प असते. ती आत येऊन २० अंशांना तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ६ टक्क्यांच्या आसपास उरते. हिमवादळातली हवा घराच्या दृष्टीने कोरडी ठणठणीत असते. दोन बोटे उघडा झरोका घर वाळवतो, आणि त्याचा खर्च नवव्या भागाहून अधिक नाही. (वर्गात बर्फ घातलेला स्टीलचा पेला आणि तापमापक घेऊन, पेल्यावर पहिले दव कोणत्या तापमानाला दिसते हे पाहावे. पुणे आणि रत्नागिरी येथील शाळांनी एकाच दिवशी हा प्रयोग करून आकडे एकमेकांना कळवले तर फारच मजा येईल.)

पाण्याच्या नळीचे दुखणे थोडक्यात सांगतो. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, पण नळी फुटते ती बर्फ जिथे झाला तिथेच असे नाही. बर्फाचा बोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याचा दाब वाढत जातो आणि तिथे नळी फाटते. पक्क्या घरात नळ थेंब थेंब चालू ठेवतात तो यासाठी. चाकांवरच्या घरात मात्र ही युक्ती उलटते: ते थेंब सांडपाण्याच्या बाहेरच्या नळीत गोठून तिचा दांडू होतो. म्हणून पाणी आतल्या टाकीत भरून घेऊन बाहेरची नळी काढून ठेवणे बरे. घराखालून वारा वाहू नये म्हणून चारी बाजूंनी फोमच्या पाट्या किंवा गवताच्या पेंढ्या लावतात. विलिस्टनला हे सर्रास दिसे.

वाऱ्याचा विचार निराळा करायला हवा. अमेरिकेच्या हवामान खात्याच्या व्याख्येनुसार ब्लिझार्ड म्हणजे ताशी ५६ किलोमीटर किंवा अधिक वेगाचा वारा आणि उडत्या बर्फामुळे ४०० मीटरहून कमी दृश्यता, तेही किमान तीन तास. किती बर्फ पडला याचा व्याख्येत उल्लेखही नाही! वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १०० किलोमीटरला तो दर चौरस मीटरवर सुमारे ४९ किलोग्रॅम वजनाइतका होतो. घराची बाजू २४ चौरस मीटर धरली तर सव्वा टनाच्या जवळपास रेटा बसतो. चार टनांचे घर त्याने हेलकावे खाईल, पण उलटणार नाही. वेग १४० झाला की रेटा दुप्पट होतो, आणि मग उलटण्याची भीती खरी ठरते. घराचे तोंड वाऱ्याकडे केले तर रेटा घेणारे क्षेत्रफळ तिसऱ्या हिश्श्याहून कमी होते. वादळाच्या आदल्या दिवशी करायचे काम ते हेच.

आता ऊब कशी राखायची ते पाहू. या घरांत प्रोपेन वायूवर चालणारी भट्टी असते. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, म्हणून विलिस्टनच्या थंडीतही त्याची वाफ होत राहते. आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये प्रोपेनबरोबर ब्यूटेनही असतो. साधा ब्यूटेन शून्याच्या जेमतेम खाली उकळतो. तिथे तो सिलिंडरच्या तळाशी द्रवरूपातच बसून राहिला असता. (बाष्पीभवनाला उष्णता लागते, हे दाखवायला विलिस्टनला जायला नको. लग्नाच्या स्वयंपाकात मोठ्या शेगडीला जोडलेल्या सिलिंडरला कसा घाम फुटतो ते मुलांनी पाहिलेले असते.) ४७५० वॉटची गरज भागवायला, भट्टीची कार्यक्षमता ७५ टक्के धरली, तर दिवसाला सुमारे १२ किलो प्रोपेन लागतो. नेहमीची टाकी ९ किलोची.

या भट्टीची रचना शहाणपणाची आहे. ती बाहेरची हवा घेते, ज्वलनाचे वायू बाहेरच सोडते, आणि आतली हवा केवळ तापलेल्या पत्र्यावरून फिरवते. पण ही हवा फिरवायला पंखा लागतो आणि पंख्याला वीज. वादळात तारा तुटल्या की सगळी भिस्त बॅटरीवर. शंभर अँपिअर-तासांच्या शिसे-आम्लाच्या बॅटरीतून निम्मीच वीज वापरणे हिताचे असते. बॅटरी बाहेर उणे १८ अंशांत असली तर तिची क्षमता आणखी निम्मी होते. राहिले २५ अँपिअर-तास. पंखा ७ अँपिअर घेतो आणि अशा थंडीत पाऊण वेळ चालू असतो. म्हणजे जेमतेम पाच तास! टाकीत वायू भरलेला आहे आणि घर गारठते आहे, अशी विचित्र अवस्था पहाटे येते. बऱ्याचदा भट्टीचे बाहेरचे तोंडही बर्फाने बुजते.

खरा धोका याच क्षणी सुरू होतो, आणि तो थंडीचा नसतो. माणूस स्वयंपाकाची शेगडी पेटवून ठेवतो. अडीच किलोवॉटची एक शेगडी तासाला सुमारे २०० ग्रॅम प्रोपेन जाळते. त्यासाठी सुमारे ७०० ग्रॅम ऑक्सिजन खर्च होतो आणि ३२० ग्रॅम पाणी हवेत जाते. अनेकांना हे पटत नाही, पण एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून अधिक पाणी तयार होते. समीकरण लिहून पाहावे. आपल्या घरात ११ किलो ऑक्सिजन आहे. सगळ्या फटी बुजवलेल्या असतील तर दोन शेगड्या सव्वा तासात त्याचा सहावा भाग संपवतात. हवेतील ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून साडेसतरावर येतो, ज्योत पिवळी पडू लागते, ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. हिमोग्लोबिन या वायूला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरून ठेवते. त्याला वास नाही, रंग नाही. डोके दुखते, मळमळते, झोप येते. आणि झोप तर रात्री येतच असते.

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सास राज्यात हिमवादळाने वीज गेली, तेव्हा पक्क्या घरांतल्या लोकांनी हेच केले. कुणी कोळशाची शेगडी घरात आणली, कुणी जनरेटर गॅरेजमध्ये चालवला. राज्याच्या आरोग्य खात्याने त्या वादळाचे २४६ बळी मोजले. बहुतेक गारठून गेले. काही मात्र ऊब मिळवण्याच्या खटपटीत याच वायूने गेले.

प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड, म्हणून त्याचा गळतीसूचक जमिनीलगत लावतात. कार्बन मोनॉक्साइडची घनता जवळजवळ हवेइतकीच असते. त्याचा सूचक झोपणाऱ्याच्या डोक्याजवळ लावतात. आमच्या मते पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर दुसरी बॅटरी बाजूला ठेवून हा सूचक घ्यावा.

आता आपल्याकडचे न्हाणीघर. बंद न्हाणीघरात गॅस गिझरमुळे माणसे दगावल्याच्या बातम्या महाराष्ट्रातही येतात, आणि हिवाळ्यात खिडकीची फट हटकून बंद असते. न्हाणीघर ५ घनमीटरचे धरा. त्यात ऑक्सिजन १.४ किलोहून थोडा कमी. दहा किलोवॉटचा गिझर पाच मिनिटांत सुमारे ६५ ग्रॅम वायू जाळतो आणि २३५ ग्रॅम ऑक्सिजन घेतो. हाही सहावा भागच, पण सव्वा तासाऐवजी पाच मिनिटांत, म्हणजे एक बादली जेमतेम भरून होते न होते तोच. विद्यार्थ्यांनी आपापल्या घरचे न्हाणीघर मोजून, गिझरवर लिहिलेली क्षमता पाहून हे गणित करून आणावे, आणि झरोका किती बाय किती सेंटीमीटरचा आहे तेही लिहावे. गिझर बाहेरच्या मोकळ्या सज्जात बसवून फक्त पाण्याची नळी आत आणलेली असेल, तर तशी नोंद करावी.