खेड्यातील तंत्रज्ञ

अभियंता आराखडा काढतो, कारागीर वस्तू घडवितो. या दोघांमधील दुवा म्हणजे तंत्रज्ञ होय. ग्रामीण तरुणांना कामातून शिक्षण मिळावे, या हेतूने डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापिला. तेथील एक वर्षाच्या निवासी अभ्यासक्रमात अभियांत्रिकी, ऊर्जा, शेती व आरोग्य हे विषय प्रत्यक्ष कामातून शिकविले जातात.

अशा शिक्षणाचे मर्म एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पायाची आखणी करताना ३, ४ व ५ फूट बाजूंचा त्रिकोण दोरीने साधला, की काटकोन मिळतो. शाळेत पाठ केलेला पायथागोरसचा सिद्धान्त येथे हाताला उमगतो. कोन चुकला, तर खोलीच वाकडी होते. निराळी परीक्षा लागत नाही. पुस्तकात मागे पडलेल्या मुलालाही या वाटेने शास्त्र आपलेसे करता येते.