अस्तराखालची उशी

अन्ननलिका, जठर आणि मोठे आतडे यांच्या आतील अस्तरावर कधी कधी लहान गाठी वाढतात. मोठ्या आतड्यातील काही मांसांकुर आरंभी निरुपद्रवी असतात. परंतु कालांतराने त्यांतील काहींचे रूपांतर कर्करोगात होऊ शकते. ते वेळीच काढले, तर पुढील आजार टळतो. आज तोंडावाटे किंवा गुदद्वारावाटे लवचीक दुर्बीण आत नेऊन अशा अनेक गाठी पोटाला छेद न देता काढता येतात.

या उपचारातील मुख्य अडचण जागेची आहे. आतड्याची भिंत अवघी काही मिलिमीटर जाड असते. तिच्यात आतून बाहेर चार थर असतात : श्लेष्मल अस्तर, अधःश्लेष्मल थर, स्नायूंचा थर आणि बाह्य आवरण. गाठ अस्तरात असते. विजेच्या उष्णतेने ती कापताना तारेचा फास किंवा सुरी किंचित खोल गेली, तर भिंतीला छिद्र पडून रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

यावर एक साधा उपाय सापडला. सुईने अधःश्लेष्मल थरात द्रव सोडला, की तो सैल थर फुगतो आणि गाठ उशीवर ठेवल्याप्रमाणे वर उचलली जाते. स्नायू सुरक्षित अंतरावर राहतात. रोझेनबर्ग यांनी १९५५ साली मिठाच्या निर्जंतुक पाण्याचा, म्हणजे सलाइनचा, असा उपयोग नोंदवला. १९७३ साली तो लवचीक दुर्बिणीतूनही करण्यात आला. ही उशी निदानालाही साहाय्य करते. द्रव भरूनही गाठ उचलली गेली नाही, तर ती खोलवर रुजली असावी, अशी शंका घेता येते.

सलाइन स्वस्त आहे. पण ते काही मिनिटांतच आजूबाजूच्या ऊतींत पसरते आणि उशी बसते. लहान गाठीसाठी तेवढा वेळ पुरतो. मात्र मोठी गाठ कडेने कापून एकसंध सोलून काढण्याची पद्धत जपानमध्ये विकसित झाली, तेव्हा अधिक टिकाऊ द्रवाची गरज भासू लागली; कारण अशा कामाला तासाहून अधिक वेळ लागू शकतो.

येथे परस्परविरोधी अपेक्षा समोर येतात. द्रव लांब नळीतून व बारीक सुईतून सहज वाहिला पाहिजे. आत गेल्यावर मात्र तो घट्ट राहिला पाहिजे. हायलुरॉनिक आम्ल हा पदार्थ या कसोटीला बराच उतरतो. १९३४ साली गाईच्या डोळ्यातील द्रवातून तो प्रथम वेगळा करण्यात आला. १९९९ साली जपानमधील यामामोटो यांनी या उपचारासाठी त्याचा वापर मांडला. त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. दाब देताच त्या प्रवाहाच्या दिशेने सरळ होतात आणि द्रव पातळ होतो. दाब सरताच पुन्हा गुंततात. बाटली हलवल्यावर टोमॅटोचा सॉस वाहू लागतो, तसाच हा प्रकार आहे. परंतु हा पदार्थ महाग आहे. म्हणून ग्लिसरॉल, जिलेटिनचे द्रव, समुद्री शेवाळापासून मिळणारे अल्जिनेट अशा पर्यायांचा शोध घेण्यात आला. शरीराच्या उष्णतेने घट्ट होणारी जेलही प्रयोगशाळांत तयार करण्यात आली आहेत. मात्र ती नळीतच गोठून चालत नाहीत.

घट्टपणा हाच एकमेव गुण नव्हे. काही जेलचे अवशेष ऊतींत राहून तेथे दाह निर्माण झाल्याचे आढळले आहे. काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना अशा अवशेषांमुळे तज्ज्ञांची दिशाभूलही होऊ शकते. गाठ कर्करोगाची आहे काय, हे त्या तपासणीवरच ठरत असल्याने ही बाब गंभीर आहे.

भारतातही हे शास्त्र रुजले आहे. दुर्बिणीद्वारे उपचार करणारे मुंबईचे डॉ. अमित मायदेव यांना २०१३ साली पद्मश्री देऊन गौरवण्यात आले. परंतु मोठ्या शहरांबाहेरील रुग्णालयांनाही परवडेल असा द्रव असेल, तरच त्याचा लाभ सर्वदूर पोहोचेल. काम होईपर्यंत टिकणारा, नंतर मागमूस न ठेवता विरघळणारा आणि सामान्य रुग्णाच्या आवाक्यातील द्रव, हे या संशोधनाचे उद्दिष्ट आहे.